जुनी जोडी नाटकाला खुलवते की साचवते?

तिसरी_घंटा:
परवा शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाहेर एक ओळखीचा नट म्हणाला, "एकाच सहकलाकाराबरोबर तीन नाटकं केली की नट संपतो." मला हे अजिबात पटलं नाही. मी हौशी नट, चौदा वर्षं एकाच मैत्रिणीबरोबर काम करतोय. एका प्रयोगात मी वाक्य विसरलो. प्रेक्षकांना पत्ता नाही, पण तिला कळलं. बोलायच्या आधी मी अंगठा मुठीत घेतो, तो त्या दिवशी घेतला नव्हता. ही सवय मलाच ठाऊक नव्हती! ती साडीची घडी घालत होती. तिने घडी मोडली, पुन्हा घालायला घेतली आणि म्हणाली, "पैसे कुठे गेले, हेच विचारायचंय ना? विचारा." एरवी मी विचारायचो, ती नाकारायची. त्या रात्री प्रसंग अंगावर आला. पुढचे सगळे प्रयोग आम्ही तसेच केले. नवख्या जोडीला हे सापडलं असतं?

विंगेतून:
सापडलं असतं. मी बॅकस्टेजला उभा असतो, उलटंही बघतो. मुरलेली जोडी हशा येण्याआधीच हशासाठी थांबते. प्रेक्षक हसले नाहीत की दोघंही उघडे पडतात. रिप्लेसमेंट आली की तोच जुना नट टवटवीत होतो, कारण आता त्याला समोरच्याचं ऐकावं लागतं.

दादरकर७१:
मग 'संगीत देवबाभळी'चं काय? 2017 पासून शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, दोघीच. 500 प्रयोग करून 2023 मध्ये थांबल्या. मी दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा दोघींमधली शांतता जास्त बोलली. आणि प्रशांत दामले-कविता लाड? 'एका लग्नाची गोष्ट' 1998 चं, 'पुढची गोष्ट' 2018 ची. मधली वीस वर्षं प्रेक्षकही सोबत घेऊन येतो.

कोरी_पाटी:
जोडी गाजली म्हणून ती वाढत गेली असं नाही. 1960 मध्ये सुरू झालेल्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेतून लोक बाहेर पडले, 1971 मध्ये 'आविष्कार' ही संस्था उभी राहिली आणि पुढे दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह नव्या पोरांना मिळालं. संच फुटला म्हणूनच ना? आम्हा नवीन मुलांना दार कधी उघडणार?

तिसरी_घंटा:
संस्था फुटली, माणसं सुटी झाली नाहीत. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे 'रंगायन'मध्ये एकत्रच होते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 चं, दिग्दर्शन अरविंदरावांचं, त्यातली मुख्य भूमिका, बेणारे, सुलभाताईंची. हा विश्वास गाठीशी होता म्हणून 'आविष्कार'चं नवं घर बांधता आलं.

आणि मुंबईत तालमीला वेळ किती मिळतो? कोणी विरारहून येतो, कोणी अंबरनाथहून, शेवटच्या लोकलची धास्ती सगळ्यांना. नव्या जोडीचे पहिले पंधरा दिवस एकमेकांना न दुखावण्यात जातात. आम्ही पहिल्याच संध्याकाळी "हे खोटं वाटतंय" म्हणून मोकळे होतो. मला तिच्यासमोर वाईट अभिनय करायची भीती वाटत नाही, म्हणूनच काही वेगळं करून बघता येतं.

विंगेतून:
हे मान्य. वाईट करायची मुभा मोठी गोष्ट आहे. पण ती फक्त तुम्हा दोघांनाच असेल तर तिसऱ्याचं काय?

तिसरी_घंटा:
कोरी_पाटी, विंगेतून, इथे मी निरुत्तर आहे. सध्याच्या नाटकात तिसऱ्या भूमिकेत एक नवीन मुलगी आहे. दुसऱ्याच तालमीत तिने आम्हाला थांबवलं. म्हणाली, "दादा, ताई, तुम्ही एकमेकांकडे बघून बोलता. माझ्याकडे कुणी बघतच नाही." खरंच होतं तिचं. सीन पुन्हा बसवायला घेतलाय.