जनरेटिव्ह डिझाइन शिकायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? (बजेट शून्य)

कोनाडा :
दोघांचंच ऑफिस, कामं छोट्या निवासी इमारतींची. इमारतीची दिशा, खिडक्यांची रुंदी, छज्जा किती बाहेर, याचे भरपूर पर्याय काढून उजेडाच्या हिशोबाने चाळायचेत. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नाही. खर्च शून्य. सुरुवात कशाने करू?

दुसरा_मजला :
डोळे झाकून मिडजर्नी घ्या, एआयने चित्रं काढून देतं. मी वर्षाचं सबस्क्रिप्शन एकदम भरलंय. स्केच टाकलं की क्लायंट खूश. आणि लगे हात लॅपटॉपही बदला.

ओळंबा :
क्लायंट खूश होतो, निस्तरायचं आपण. आमच्याकडे एकाने एआयचं चित्र बघून जिना पसंत केला. वर लँडिंगच नाही, थेट भिंत! आता म्हणतो, "चित्रात आहे तस्साच पाहिजे."

तिरकी_रेघ :
चित्रांचा इथे संबंध काय? त्यांना अटी देऊन पर्याय काढायचेत आणि प्रत्येकाला गुण द्यायचेत.

दुसरा_मजला :
म्हणजे एआयच की.

तिरकी_रेघ :
नाही हो. ग्रासहॉपरमधलं गॅलापागोस हे जास्त गुणांचा पर्याय शोधणारं साधन. ते जेनेटिक अल्गोरिदमवर चालतं, म्हणजे चांगल्या पर्यायांची सरमिसळ करत पिढ्यागणिक सुधारत जातं. त्याला आधी लाखो चित्रं दाखवून शिकवावं लागत नाही.

रेविटप्रेमी :
रेविटमध्ये (ऑटोडेस्कचं इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) 2021 च्या आवृत्तीपासून जनरेटिव्ह डिझाइन आतच आहे. फक्त एईसी कलेक्शन, म्हणजे त्यांचा सॉफ्टवेअरचा अख्खा संच, विकत घ्यावं लागतं. आम्ही ऑफिसभर घेतलंय.

कोनाडा :
बजेट शून्य लिहिलंय हो 🙏

ओळंबा :
राइनो या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती 90 दिवस पूर्ण चालते. ग्रासहॉपर (कोड न लिहिता, ठोकळे जोडून आकार घडवायचं साधन) त्यातच येतं, गॅलापागोससकट. वर लेडीबग हे प्लगइन टाका, फुकट आहे, गावाची ईपीडब्ल्यू हवामान फाइल दिली की सूर्याचं गणित करतं. सुरुवातीला स्लायडर, म्हणजे बदलायची मापं, तीनच ठेवा. गॅलापागोस एकाच आकड्यामागे धावतं. नुसतं "उजेड वाढव" सांगितलंत तर खिडक्या भिंतभर करून मोकळं होईल, म्हणून ऊन जास्त आलं की गुण कापा. उजेड आणि ऊन वेगवेगळं तोलायचं असेल तर वॉलेसी हे प्लगइन, ते एकाहून जास्त आकडे एकदम सांभाळतं. आणि दर पर्यायाला गणित नव्याने होतं, तेव्हा उजेड मोजायच्या बिंदूंची जाळी आधी जाडी ठेवा, शेवटी उरलेल्या चार-पाच पर्यायांनाच बारीक करा. 8 जीबीत निभेल.

नवा_भिडू :
+1 ग्रासहॉपर. राइनोची चाचणी आवृत्ती मिळते बहुतेक.

ओळंबा :
वर काय लिहिलंय मी?

तिरकी_रेघ :
90 दिवस उलटले की सेव्ह होत नाही आणि प्लगइनही बंद पडतात, हे कुणी सांगायचं?

कोनाडा :
सगळ्यांचे आभार. तीन महिन्यांनी अडकायला नको, म्हणून राइनो नाही. भागीदाराचा हात ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरवर बसलाय, त्यात स्वेर्चोक (ग्रासहॉपरसारखंच प्लगइन) फुकट मिळतं. तेच धरतोय. तीन स्लायडर आणि जाडी जाळी मात्र ओळंबा यांची.

ओळंबा :
स्वेर्चोकमध्ये गॅलापागोससारखं तयार काही आहे का ते आधी बघा, नाहीतर पायथॉनमध्ये कोड लिहीत बसाल.

दुसरा_मजला :
ब्लेंडर? मग तर लॅपटॉप घ्याच.