टीनएज प्रेमकथांमध्ये साधासरळ ब्रेकअप का होत नाही?

चष्मावाली

चाळिशी ओलांडलेली बाई टीनएजर्सच्या प्रेमकथा वाचते म्हटलं की लोक दोन गोष्टी गृहीत धरतात. एक, घरात मुलगी असणार. दोन, पुस्तक तिच्या हाती द्यायचं की नाही हे आईला ठरवायचं असणार. मला मुलगी नाही. मी स्वतःसाठी वाचते, आवडीने वाचते, आणि म्हणूनच इथे जरा तोंड सोडणार आहे. (कथानकं फुटतील. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

मोठ्यांच्या प्रेमकथा मला झेपत नाहीत. तिथे नायक कायम कुठल्यातरी कंपनीचा मालक, त्याच्या जबड्याचं वर्णन पानभर, आणि दोघंही इतके सराईत की आपल्या आयुष्यात काही नवीन घडतंय याची चाहूलच त्यांना नसते. सतरा वर्षांच्या नायिकेचं तसं नाही. मेसेज वाचला गेलाय, उत्तर नाही, यावर अख्खं प्रकरण. आणि ते प्रकरण मी खाली ठेवू शकत नाही, कारण त्या वयात ती गोष्ट खरोखर तेवढीच मोठी असते. चांगली लेखिका तिची टर उडवत नाही आणि तिला डोक्यावरही घेत नाही. हे जमणं सोपं नाही. ‘पोरीसोरींची पुस्तकं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी असं एक प्रकरण लिहून दाखवावं.

चीड आणणाऱ्या गोष्टी पटकन उरकते. नायिका ‘अगदीच सामान्य’ असते आणि तीन मुलं तिच्यासाठी झुरत असतात. प्रेमाचा त्रिकोण असला तर सुरुवातीला जो उद्धटपणे वागला तोच जिंकणार. दुसरा बिचारा चांगला असल्याची शिक्षा भोगतो. आई बहुतेक वेळा वारलेली, वडील कामात. मैत्रिणीला एकच काम, ‘अगं, तो तुझ्याकडेच बघतोय’ असं सांगायचं. ते सांगून झालं की ती पुस्तकातून गायब. आणि ते एक वाक्य, ‘आपण श्वास रोखून धरलाय हे मला कळलंच नव्हतं.’ या मुलींच्या फुफ्फुसांची कोणीतरी एकदा तपासणी करा.

‘ट्वायलाइट’वर वेगळं बोलावं लागेल. त्यातला नायक एडवर्ड जन्मला 1901 साली, 1918 च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झाला, तेव्हापासून सतराचाच. म्हणजे शंभरी पार केलेला माणूस हायस्कूलच्या बाकावर बसतो आणि रात्री नायिकेच्या, म्हणजे बेलाच्या, खोलीत शिरून, तिला न सांगता, ती झोपलेली बघत बसतो. याला प्रेम म्हणायचं की पोलिसात जायचं? तरीही 2005 ते 2008 मध्ये आलेले चारही भाग मी वाचले. शेवटचा तर रात्र जागून. त्या पुस्तकांत ओढ नाही असं मी म्हणणार नाही. ओढ आहे आणि ती कुठून येते हेही कळतं: कोणीतरी आपल्याकडे इतकं लक्ष देतंय, याची. ज्या वयात घरी-दारी कोणाचंच लक्ष नाही असं वाटत असतं, त्या वयात ही नशाच आहे.

आता मुद्दा. इतकं वाचून मला एक गोष्ट खटकत राहते, ती म्हणजे या प्रेमांचे शेवट. दोनच सापडतात. एक तर कोणीतरी मरतं (‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’, 2012, ऑगस्टस जातो, मीही रडले, ते सोडा). नाहीतर मग कायमचं. बेलाचं लग्न अठराव्या वर्षी, आणि तिथे ‘कायमचं’ म्हणजे अक्षरशः अमर. यांच्या मधलं काहीच नाही? दोघं चांगले, प्रेम खरं, कोणी फसवत नाही, कोणी आजारी नाही, आणि तरी वर्षा-दीड वर्षात ते ओसरतं. बहुतेकांचं पहिलं प्रेम असंच तर संपतं. मग ज्या पुस्तकांना पहिल्या प्रेमाबद्दल सगळं माहीत आहे, त्यांना नेमकं हेच सांगायला का जड जातं?

तर अशी पुस्तकं सुचवा. अटी तीन: कोणी मरायचं नाही, कोणी खलनायक निघायचं नाही, आणि ‘दहा वर्षांनंतर’ असं शेवटचं प्रकरण चालणार नाही.

उधईचा नातेवाईक

हे पुस्तक 1975 सालीच लिहून झालंय. ज्युडी ब्लूम, ‘फॉरएव्हर’. नावावर जाऊ नका.

कॅथरीन आणि मायकल, शाळेचं शेवटचं वर्ष. ब्लूमबाईंच्या मुलीने त्यांना सांगितलं होतं की दोन चांगली मुलं प्रेमात पडतात, शरीरसंबंध ठेवतात आणि तरी कोणी मरत नाही, असं पुस्तक मला वाचायचंय. तोवरच्या पुस्तकांत मुलीने तसं काही केलं की तिला शिक्षा ठरलेली: दिवस जाणं, घरातून हाकललं जाणं किंवा मरण. इथे कॅथरीन स्वतः दवाखान्यात जाऊन गोळ्यांची चौकशी करते, आणि पुढे आभाळ कोसळत नाही.

मग सुट्टीत ती एका शिबिरात टेनिस शिकवायला जाते, तिथे तिला दुसरा मुलगा आवडायला लागतो, आणि मायकलला ते सांगावं लागतं. एवढंच. तुमच्या दुसऱ्या अटीत हे बसतं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या मते बसतं, कारण लेखिकेने तिला कुठेही वाईट ठरवलेलं नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालयांतून हे पुस्तक काढा अशी मागणी वर्षानुवर्षं होत आली, ती अर्थात शरीरसंबंधांमुळे. ब्रेकअपला कोणी हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही!

सुखान्त समर्थक

चष्मावाली, तुमचं लिखाण नेहमीच आवडतं, पण यावेळी तुम्ही चुकीच्या खिडकीत उभ्या आहात.

रोमान्स या प्रकाराची व्याख्याच तशी आहे. रोमान्स लिहिणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेनेही दोनच गोष्टी मागितल्या आहेत: केंद्रस्थानी प्रेमकथा हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. वाचक हा करार करूनच पान उघडतो. खून झालाय आणि खुनी सापडणार नाही, अशी रहस्यकथा तुम्हाला चालेल का? तुम्हाला हवंय ते प्रेमावरचं पुस्तक. तो वेगळा कप्पा आहे आणि त्याला माझा विरोध नाही.

शिवाय ‘कायमचं’ सोडून ‘सध्यापुरतं सुखात’ अशीही एक सोय आहे. टीनएज पुस्तकांत बरेचदा तेच असतं. शेवटच्या पानावर दोघं हातात हात घालून उभे असतात, पुढचं कोणी लिहिलेलं नसतं. पुढे ते वेगळे झाले असं तुम्ही मनात धरा, तुम्हाला कोणी अडवलंय?

अर्धवट पान

सतरावं चालू आहे, त्यामुळे हा धागा माझ्याबद्दल आहे असं समजून लिहिते.

काकू (चालेल ना?), ‘हे टिकणार नाही’ हे आम्हाला सांगायला पुस्तकाची गरज नाही. ते आई सांगते, बाबा सांगतात, क्लासचे सर न विचारता सांगतात. आत्ता अभ्यास कर, हे सगळं तात्पुरतं आहे. पुस्तक ही एकच जागा उरलीये जिथे कोणी ‘तात्पुरतं’ म्हणत नाही. तिथेही तुम्हाला ब्रेकअप हवाय?

आणि हो, अठराव्या वर्षी लग्न आम्हालाही फालतूच वाटतं. माझ्या ग्रुपमध्ये ते भाग कोणी ‘वॉव’ म्हणून वाचत नाही, मोठ्याने वाचून हसतो. मोठ्यांना वाटतं आम्ही वाचलेलं सगळं खरं मानतो. एडवर्ड माझ्या खोलीत शिरला तर मी किंचाळेन, हे मला पुस्तक वाचतानाही माहीत असतं. तरी वाचायला मजा येते. दोन्ही एकदम होऊ शकतं.

मैत्रिणीच्या गायब होण्याबद्दल मात्र +1000. मला त्याचाच जास्त राग येतो. तो मुलगा आला नसता तर पुस्तक त्या दोघींचंच होतं.

उधईचा नातेवाईक

@अर्धवट पान, ‘तिथेही तुम्हाला ब्रेकअप हवाय?’ या तुझ्या मोठ्यांबद्दलच्या तक्रारीला आधार देतो. 2012 मध्ये बोकर या संस्थेने अमेरिकेतल्या खरेदीची पाहणी केली होती. 12 ते 17 वयासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांचे 55 टक्के ग्राहक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले. आणि त्यातले बहुतेक स्वतःला वाचायला घेत होते, मुलांना द्यायला नाही. म्हणजे तुझ्या कपाटात हात घालणारी चष्मावाली एकटी नाही.

गुपचूप वाचक

कोणीच ‘शाळा’चं नाव घेतलं नाही? मिलिंद बोकील, 2004. नववीतला जोशी, शिरोडकर निघून जाते, कोणी मरत नाही, कोणी वाईट नाही. रोमान्सच्या कप्प्यात बसत नाही हे मान्य. अटी मात्र तिन्ही पूर्ण.

चष्मावाली

काकू चालेल. ‘आजी’ म्हणालीस तर धागा बंद करेन.

आधी ‘शाळा’. पाठ आहे, पण ती मुलाच्या डोळ्यांनी लिहिलेली आहे. शिरोडकरला काय वाटलं ते मला अजून हवंय. ते पुस्तक कोणीतरी लिहा, मी रांगेत पहिली.

‘फॉरएव्हर’ मिळवून वाचलं. भाषा सपाट आहे, कधी कधी कंटाळवाणी म्हणावी इतकी. कॅथरीन काय घातलं, काय खाल्लं, कोण काय म्हणालं, असं सांगत जाते आणि पन्नास पानं मला वाटत होतं की उधईने मला गंडवलं. पण शेवटाकडे तोच सपाटपणा कामाला येतो. वाढदिवसाला त्याने तिला गळ्यातलं दिलेलं असतं, त्यावर ‘कायमचा’ असं कोरलेलं. इतक्या कोरड्या पुस्तकात तो एक शब्द असा टोचतो की पुढे तिला खरं सांगावं लागतं तेव्हा लेखिकेला एकही विशेषण खर्चावं लागत नाही. दुसऱ्या अटीत बसतं, बसवलं.

सुखान्त समर्थक, करार मान्य. पण खुनी सापडण्याची उपमा उलटी लावा की. रहस्यकथेत खुनी सापडतो म्हणून मेलेला माणूस उठून बसत नाही. तरी वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. म्हणजे समाधान आणि ‘सगळं पूर्ववत होणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघं वेगळे होऊनही शेवट आशा ठेवणारा असू शकतो. मला तेवढंच हवंय.

आणि अर्धवट पान, तुझं वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. तू म्हणतेस ते खरं आहे, ‘तात्पुरतं’ म्हणून हिणवणारी माणसं तुमच्याभोवती भरपूर आहेत. पण मला म्हणायचंय ते त्याच्या उलट आहे बघ. मोठी माणसं म्हणतात, टिकणार नाही म्हणून खोटं. ही पुस्तकं म्हणतात, खरं आहे म्हणून टिकणारच. दोघांचं गणित एकच: टिकलं तरच खरं. मला असं पुस्तक हवंय जे म्हणेल की टिकलं नाही, आणि खरं होतं. ते तुझ्या आईच्या हातीही देता येईल.

एक उदाहरण तुझ्याच कपाटातलं. जेनी हानचं ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ड बिफोर’, 2014. सगळे लारा जीन आणि पीटरबद्दल बोलतात, पण पुस्तकाच्या सुरुवातीलाच तिची मोठी बहीण मार्गो स्कॉटलंडला शिकायला जाण्याआधी जॉशशी ब्रेकअप करते. भांडण नाही, फसवणूक नाही. त्यांची वारलेली आई म्हणायची, कॉलेजला जाताना बॉयफ्रेंड घेऊन जाऊ नये. (वारलेली आई, हो, इथेही आहेच.) मला सबंध मालिकेत तीच मुलगी खरी वाटली. एवढा मोठा निर्णय, आणि पुस्तक त्याच्याकडे सारखं कोपऱ्यातून बघतं, कारण मुख्य रस्त्यावर खोट्या प्रेमाचं नाटक चाललेलं असतं. तिसऱ्या भागात, 2017 च्या, लारा जीनसमोर नेमका तोच प्रश्न येतो: कॉलेजं वेगळी, आता काय? आणि लेखिका त्यांना एकत्र ठेवते. मला ते आवडलं नाही. पीटर गोड आहे, मान्य. तरी मार्गोचं पुस्तक कुठाय?

अर्धवट पान

मार्गो!!! हे कोणी बोलतच नाही. मला ती आधी खडूस वाटायची. परत वाचायला घेतलंय.

आईच्या हाती द्यायचं पुस्तक मीच ठरवेन हं. तुम्ही ‘द सन इज ऑल्सो अ स्टार’ वाचलंय का? निकोला यून, 2016. एकाच दिवसात घडतं. नताशाचं कुटुंब त्याच रात्री अमेरिकेतून जमैकाला परत पाठवलं जाणार असतं, आणि सकाळी तिला डॅनियल भेटतो. तो कवी, ती फक्त विज्ञान मानणारी. ती जाते. सुरुवातीला फोन-मेसेज होतात, मग कमी होत जातात, मग बंद. कोणी मरत नाही, कोणी वाईट नाही. तुमच्या दोन अटी पूर्ण.

सुखान्त समर्थक

आणि तिसरी? मला आठवतंय ते शेवटचं प्रकरण. विमान, दहा वर्षांनंतर. :)

चष्मावाली

म्हणजे अगदी दहाच? अट लिहिताना मी हा आकडा सहज टाकला होता हो!

ग्रंथालयात आहे, आज आणते. शेवटच्या प्रकरणाला रबरबँड लावून वाचेन. अर्धवट पान, कुठल्या पानावर थांबायचं तेवढं सांगून ठेव.