डोगाचं वेड

राज कॉमिक्स या हिंदी कॉमिक्समधले ध्रुव, नागराज हे सुपरहिरो सोडून मुलाला डोगाच का आवडतो, अशी काळजी एका पालकांनी व्यक्त केलीय. अहो, वयच तसं! नागराजच्या अंगात विष आहे; डोगाकडे जिममध्ये कमावलेलं शरीर, कुत्र्याचा मुखवटा आणि बंदुका. त्यात हा पठ्ठ्या मुंबईचा. कचऱ्यात सापडलेला, हलकान सिंह डाकूकडे वाढलेला सूरज (हे डोगाचं खरं नाव), पुढे जिमवाल्या अदरक चाचाने घडवलेला. ध्रुव जीव घेत नाही, हा थेट गोळी घालतो. नववी-दहावीत मलाही तोच न्याय वाटायचा (आता अदरक चाचाची पानं जास्त आवडतात). कॉमिक्स काढून घेऊ नका, लपून वाचेल. त्यापेक्षा एखादा अंक स्वतः वाचा आणि मेलेला माणूस निर्दोष निघाला तर डोगा काय करेल, हे त्यालाच विचारा.