सल्ला हवा: अमेरिकन फुटबॉलमध्ये पास-रशमधील (पास टाकणाऱ्यावर धावून जाण्यातील) हुलकावणी समजण्यासाठी कोणता सामना पाहावा?

नवखा_पिट्सबर्गकर:
गेली तीन वर्षे मी पिट्सबर्गमध्ये राहत असून इथल्या स्टीलर्स संघाचे सामने आवडीने पाहतो. डाउन (चेंडू पुढे नेण्याची एकेक संधी) आणि यार्डांचा हिशेब आता जमतो. परंतु बचावाचे सहा गडी खेळ सुरू होण्याच्या रेषेवर दबा धरून उभे राहतात, स्नॅप होताच (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताच) त्यांतील दोघे मागे सरकतात आणि भलत्याच कोपऱ्यातून आलेला एखादा गडी क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, लोळवतो, हे गणित मला उलगडत नाही. जाणकारांनी एखादा सामना सुचवावा.

जुना_प्रेक्षक:
याला झोन ब्लिट्झ म्हणतात, आणि तो आपल्याच शहरात नावारूपाला आला. १९८०च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्सकडे असताना प्रशिक्षक डिक लेबो यांनी तो घडवला आणि पुढे स्टीलर्समध्ये मुरवला. यात माणसे वाढवायची नसतात. धावून जाणारे बहुधा चार-पाचच असतात, फक्त ते कोणते हे शेवटपर्यंत कळू द्यायचे नसते. समोरचा सेंटर (चेंडू मागे देणारा मधला गडी) धोका ओळखून आपल्या अडवणाऱ्या गड्यांची भिंत एका बाजूला सरकवतो, तिकडून कोणी आलेच नाही की दोन धिप्पाड गडी हवेलाच अडवत उभे राहतात. लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या रांगेमागचा गडी) धावून आला म्हणजे त्याची जागा मोकळी झाली, असे समजून क्वार्टरबॅक घाईने तिथे चेंडू टाकतो, तर तिथे मागे सरकलेला लाइनमन (पुढच्या रांगेतला गडी) हजर असतो!

१ फेब्रुवारी २००९ चा सुपर बोल ४३, म्हणजे स्टीलर्स आणि अॅरिझोना कार्डिनल्स यांच्यातील अंतिम सामना, पाहावा. पूर्वार्ध संपता संपता अॅरिझोना कार्डिनल्स गोलरेषेच्या दाराशी होते. स्टीलर्सचा लाइनबॅकर जेम्स हॅरिसनने धावून जाण्याचा आव आणला, तो मागे सरकला, कार्डिनल्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरचा पास त्याने अडवला आणि १०० यार्ड पळत जाऊन टचडाउन केला.

तिसरा_डाउन:
उदाहरण उत्तम आहे, मात्र एक दुरुस्ती सुचवतो. त्या डावात हॅरिसनने खरोखरच धावून जायचे ठरले होते. मागे सरकणे ही त्याची स्वतःची अटकळ होती. ठरवून केलेली फसवणूक पाहायची असेल, तर बचावाचे प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांच्या हाताखालचा बचाव खेळवणाऱ्या मिनेसोटा वायकिंग्जचा २०२३ च्या हंगामातील कोणताही सामना लावावा. तिथे कधी रेषेवरचे सहाही गडी तुटून पडतात, तर कधी तशाच मांडणीतून तिघेच येतात आणि आठ जण मागे थांबतात. स्नॅपच्या आधी चित्र थांबवून रेषेवरची डोकी मोजावीत, नंतर प्रत्यक्ष आलेले गडी मोजावेत. पहिले काही दिवस चेंडूकडे पाहूच नये. गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्यातून दाखवलेले पुनःप्रक्षेपण यासाठी अधिक उपयोगी पडते, कारण भिंतीतली फट त्यातच नीट दिसते.

नवखा_पिट्सबर्गकर:
आभारी आहे. एक शंका उरते: बचावाच्या गड्याने क्वार्टरबॅकच्या आरोळीची नक्कल करून समोरच्यांना आधीच हलायला लावणे चालते का?

जुना_प्रेक्षक:
नाही, त्यासाठी दंड होतो. रेषेवर पुढे-मागे हलणे चालते, मात्र स्नॅपच्या क्षणी रेषेच्या अलीकडे असले पाहिजे.