एकाच वर्णपटाचे रंग दोन कॅमेऱ्यांत वेगळे का दिसतात?

प्रश्न : तंतूच्या बल्बचा प्रकाश अरुंद फटीतून घेऊन आणि लेन्ससमोर ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची जाळी) लावून मी एकच वर्णपट दोन कॅमेऱ्यांनी टिपला. पहिल्या चित्रात हिरवा संपतो तिथेच जवळजवळ तांबडा सुरू होतो आणि पिवळ्याची केवळ बारीक रेघ उरते. दुसऱ्यात पिवळा चांगला रुंद असून निळ्यापलीकडे जांभळाही उमटला आहे. हा फरक सेन्सरचा मानावा की कॅमेऱ्यातील प्रक्रियेचा?

उत्तर १ : जेपेगवरून हे ठरवता येणार नाही, कारण त्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, काँट्रास्ट आणि रंगांचा गडदपणा कॅमेऱ्याने आपल्या पद्धतीने आधीच मिसळलेला असतो. शिवाय वर्णपटातील शुद्ध रंग एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगमानकाच्या, कक्षेबाहेरचे असतात. 500 नॅनोमीटरच्या आसपास तर तांबड्याचे मूल्य ऋण येते आणि ते शून्यावर छाटले जाते. म्हणून रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न झालेली नोंद) घेऊन तांबडी, हिरवी आणि निळी या तिन्ही वाहिन्यांचे आलेख वेगवेगळे काढावेत. एक्स्पोजरही तपासावे : प्रकाश जास्त झाला की हिरवी आणि तांबडी या दोन्ही वाहिन्या कमाल मूल्याला टेकतात आणि पिवळा पट्टा आपोआप फुगतो. तुमच्या दुसऱ्या चित्राबद्दल मला पहिली शंका हीच येते.

उत्तर २ : जांभळ्याचे मूळ मात्र सेन्सरच्या पिक्सेलांवरील रंगीत फिल्टरमध्ये असू शकते. सीआयई या प्रकाश व रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 1931 सालच्या मानक निरीक्षकाच्या (सरासरी मानवी दृष्टीच्या नमुन्याच्या) एक्स वक्राला, म्हणजे ढोबळमानाने तांबड्याच्या वक्राला, 600 नॅनोमीटरजवळच्या मुख्य शिखराखेरीज 440 च्या आसपास एक लहान शिखर आहे. तसाच ज्या सेन्सरचा तांबडा फिल्टर निळ्यापलीकडच्या टोकाला थोडा प्रकाश आत सोडतो, त्यात जांभळा उमटतो; एरवी ते टोक निळेच राहते. रॉ आलेखात तांबड्या वाहिनीला तिथे उठाव नसेल, तर तो जांभळा नंतरच्या रंगगणितातून आलेला आहे.

उत्तर ३ : त्याच मांडणीत सीएफएल दिव्याचाही वर्णपट टिपावा. पाऱ्याच्या 435.8 आणि 546.1 नॅनोमीटरच्या रेषांवरून पिक्सेलला तरंगलांबी देता येते. मग काळी पातळी (प्रकाश नसतानाही सेन्सर देतो ते मूल्य) वजा करून प्रत्येक तरंगलांबीला तांबड्याचे हिरव्याशी गुणोत्तर काढले, की बल्ब, ग्रेटिंग आणि लेन्स या तिन्हींचा प्रभाव निघून जातो, कारण एका तरंगलांबीला ते सर्व वाहिन्यांना सारखेच लागू होतात. मात्र सेन्सरसमोरचा अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टरही याच रीतीने गुणोत्तरातून नाहीसा होतो. त्यामुळे तांबडे टोक कोणत्या कॅमेऱ्यात कुठे संपते, हे मूळ आलेखातच पाहावे लागेल.