मदत हवी आहे: गावात लॅपटॉपवर भरलेले माप ऑफिसच्या फाइलमध्ये नीट जात नाही (ऑफलाइन फाइल्स, विंडोज ११ प्रो)

सिपनाकाठ

नमस्कार मंडळी,

धारणीत (जि. अमरावती) आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे ऑफिस आहे. तिथल्या एका डेस्कटॉपवर 'खरेदी' नावाचे शेअर फोल्डर आहे. त्यात सभासदांची यादी, सातबारा आणि बँक पासबुकांचे स्कॅन, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सोयाबीन-तुरीच्या खरेदीची एक्सेल फाइल. कोणाचे किती कट्टे, वजन किती, ओलावा किती, दर काय, सगळे तिच्यात. चुकारे याच फाइलवरून निघतात.

मी लॅपटॉप घेऊन गावोगाव माप घ्यायला जातो. बैरागड-सुसर्द्याकडे आमच्या बऱ्याच सभासदांच्या घरी रेंज धरत नाही, म्हणून ते फोल्डर 'ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन' करून ठेवले आहे, म्हणजे त्याची कॉपी लॅपटॉपवरही राहते. गावात फाइल उघडते, भरताही येते. अडचण परत आल्यावर सुरू होते.

संध्याकाळी ऑफिसच्या वायफायला जोडले की सिंक सेंटरमध्ये (दोन्हीकडच्या फाइली जुळवणारी विंडोजची सोय) कॉन्फ्लिक्ट येतो, कारण ऑफिसातल्या ताईंनीही दिवसभर त्याच फाइलमध्ये नोंदी केलेल्या असतात. माझी फाइल ठेवली तर त्यांच्या नोंदी जातात, त्यांची ठेवली तर गावातले माप जाते. दुसरा प्रकार जास्त काळजीचा आहे, कारण तो कळतच नाही. मी ऑफिसात बसलेलो असतानाही कधी कधी लॅपटॉपवर जुनीच फाइल दिसते. ताईंच्या स्क्रीनवर नवी नोंद आहे, माझ्याकडे नाही, आणि एरर काहीच नाही.

इथे सोयाबीनच्या पैशावर रब्बीचे बी-खत घेतात. यादीतून एक नाव सुटले तर त्या घराची हरभऱ्याची पेरणी अडते. म्हणून तात्पुरता जुगाड नको, पक्की पद्धत हवी आहे. दोन्ही फाइली आपोआप एकत्र होतील असे सेटिंग आहे का? ऑफिसचे इंटरनेट भरवशाचे नाही, लाइनही जाते, त्यामुळे सगळे क्लाउडवर टाकणे जमणार नाही.

पूर्णाथडी

भाऊ, असं सेटिंग नाही, हे आधीच सांगतो म्हणजे त्यात वेळ जाणार नाही. ऑफलाइन फाइल्स ही सोय विंडोज २००० पासूनची आहे आणि ती फाइल अख्खी धरते. आतल्या ओळी जुळवणं तिचं काम नाही. ऑफिसात दोघं नेटवर्कवर असताना एकाने एक्सेल उघडली की दुसऱ्याला ती 'रीड-ओन्ली' मिळते. ते कुलूप तुमच्या गावापर्यंत पोचत नाही. तुम्ही तिकडे लिहिता, ताई इकडे लिहितात, आणि दोघांचंही खरंच असतं.

म्हणून फाइल वाटून घ्या. गावातलं माप मुख्य फाइलमध्ये भरूच नका. प्रत्येक गावाची त्या दिवसाची वेगळी फाइल करा, नाव 'बैरागड' आणि तारीख असं काहीतरी, आणि त्या फाइलला फक्त तुम्ही हात लावायचा. ताई मुख्य फाइल सांभाळतील. एक्सेल २०१६ पासून पुढे 'डेटा' टॅबमध्ये 'गेट डेटा' (२०१६ मध्ये 'न्यू क्वेरी' असंही दिसेल), मग 'फ्रॉम फाइल', मग 'फ्रॉम फोल्डर' आहे. त्याने गावांच्या सगळ्या फाइली एका तक्त्यात येतात. रकान्यांची नावं सगळीकडे अक्षरशः एकसारखी ठेवा, नाहीतर 'वजन' एकीकडे आणि 'वजन किलो' दुसरीकडे पडेल.

आता जुनी फाइल दिसण्याचं. हा बहुतेक स्लो-लिंक मोड आहे. विंडोज ८ पासून पुढे डेस्कटॉपकडून उत्तर यायला ३५ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की लॅपटॉप ते नेटवर्क मंद धरतो आणि गुपचूप आपल्याजवळच्या कॉपीवर काम करायला लागतो. मग मागल्या मागे सिंक साधारण दोन तासांनी होतं. विंडोज ७ मध्ये ही हद्द ८० मिलिसेकंद होती. फोल्डर उघडून खालची पट्टी पाहा, 'ऑफलाइन (स्लो कनेक्शन)' असं दिसलं तर दुखणं हेच. कमांड प्रॉम्प्टवरून डेस्कटॉपला पिंग करा (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते त्यात दिसतं), वायफायवर एकदा आणि केबल लावून एकदा.

अजून एक. फोल्डर कधी कॉम्प्युटरच्या नावाने आणि कधी आयपी पत्त्याने उघडत असाल तर ते बंद करा. विंडोज त्या दोन वेगळ्या जागा समजतं.

काळी_कसदार

वरच्या उत्तराशी सहमत. मला स्कॅनची जास्त चिंता वाटून राहिली. गाडीवर फिरणाऱ्या लॅपटॉपमध्ये लोकांची पासबुकं आहेत. 'मॅनेज ऑफलाइन फाइल्स'मध्ये एन्क्रिप्शनचा टॅब आहे, तो चालू करा, किंवा प्रो असल्यामुळे पूर्ण ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचंच एन्क्रिप्शनचं कुलूप) लावा आणि रिकव्हरी की ऑफिसात कागदावर ठेवा. खरं म्हणजे मापाला स्कॅन लागतच नाहीत. ऑफलाइन फक्त मापाचं फोल्डर ठेवा, बाकीचं ऑफिसातच राहू द्या.

कंपनीत कोणाकडे विंडोज होम असेल तर त्यात ही सोय नसते. त्यांच्यासाठी सिंकथिंग पाहा. फुकट आहे, इंटरनेटशिवाय ऑफिसच्या नेटवर्कवर चालतं, आणि टक्कर झाली तर एक कॉपी वेगळ्या नावाने ठेवतं.

सिपनाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पिंग केले. वायफायवर आकडा सारखा ४० ते ९० मध्ये खेळतो, केबलवर १ च्या आत. पट्टीवर तुम्ही म्हणालात तेच शब्द होते. राउटर पलीकडच्या खोलीत आहे, मध्ये जाड भिंत आहे. आता आल्यावर केबलच लावणार.

गावनिहाय फाइली उद्यापासून. पण आत्ता सिंक सेंटरमध्ये एक कॉन्फ्लिक्ट पडून आहे, त्यात कालचे माप आहे. त्याचे काय करू? कोणीतरी विंडोजचे सीएससी फोल्डर (ऑफलाइन कॉपी जिथे साठतात ते) साफ करायला सांगितले.

पूर्णाथडी

थांबा, ते अजिबात करू नका! विंडोजमधल्या त्या सीएससी फोल्डरमध्येच तुमचं न गेलेलं माप आहे. साफ केलं तर ते कायमचं जाईल.

आधी केबल काढा, वायफाय बंद करा, लॅपटॉपवरची फाइल उघडून 'सेव्ह अॅज'ने लॅपटॉपच्याच डेस्कटॉप स्क्रीनवर आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. कालच्या नोंदी त्यात दिसतात ना, डोळ्याने पाहा. मग दोन्हीकडची एक्सेल बंद करा, कारण उघडी फाइल सिंक होत नाही. केबल जोडा, कॉन्फ्लिक्टवर दोन्ही आवृत्त्या ठेवण्याचा पर्याय निवडा. त्यानंतर ताईंना शेजारी बसवून कालच्या ओळी मुख्य फाइलमध्ये चढवा आणि कट्ट्यांची बेरीज वजनाच्या पावत्यांशी जुळवा. बेरीज जुळेपर्यंत पेन ड्राइव्हवरची कॉपी पुसू नका.