ड्रायरची हवा कोमटच येते. हीटर गेलाय की दुसरं काही?

आगोंदपाऊस

काणकोणात राहते. ७ किलोचा ड्रायर आहे, मागच्या पाइपातून हवा बाहेर टाकणारा, पाच वर्षं जुना. ड्रम नीट फिरतो, हवाही येते, पण कोमट. आधी अर्धा ड्रम टॉवेल सव्वा तासात वाळायचे, आता तीन तासांनी काढले तरी शिवणी ओल्या. 'लो' ठेवा की 'हाय', फरक शून्य. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही, जळका वास नाही, लिंटची (कपड्यांच्या सुटलेल्या तंतूंची) जाळी प्रत्येक वेळी साफ होते. मेकॅनिकने फोनवरच निदान केलं: हीटर गेला, बदला. चवथ तोंडावर आलीय, पडदे-चादरी धुवायला काढल्यात आणि पाऊस उघडायचं नाव घेत नाही. न उघडता काही कळेल का? उघडायचाच झाला तर नेमकं काय मोजायचं? मल्टिमीटर घरात आहे, वापरता येतो.

चिरेबंदी

हवा साफ थंड असती तर पहिला संशय थर्मल कटआऊटवर, म्हणजे फार तापलं की हीटरची वीज तोडणाऱ्या भागावर, गेला असता. कोमट हवेला कारणं तीन: व्होल्टेज उतरलंय, हवा कोंडलीय, किंवा हीटरचा अर्धा भाग मेलाय. तिन्ही बाहेरूनच ओळखता येतात, एक स्क्रू न काढता.

विजेच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. ३२०० असेल असं धरतो. तुमच्याकडे वेगळा आकडा असेल तर तो घ्या. घरातलं सगळं बंद करा. फ्रिज आणि इन्व्हर्टरही, कारण बॅटरी चार्जिंग गुपचूप दोन-तीनशे वॅट खातं आणि सगळा हिशोब चुकतो. ड्रायर 'हाय'वर लावा आणि एक मिनिट मोजा. लुकलुक गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे किलोवॅट.

या आकाराच्या ड्रायरमध्ये हीटर साधारण २००० वॅटचा, मोटर दोनशेच्या आसपास. सगळं ठीक असेल तर मिनिटाला ११७ च्या जवळ. अर्धाच हीटर चालत असेल तर ६४. नुसती मोटर असेल तर १०-११.

मोजणी पहिल्या पाच मिनिटांत करा आणि मग पंधराव्या मिनिटाला पुन्हा करा. सुरुवातीला ११७ येऊन नंतर दर थोड्या वेळाने १० वर पडत असेल, परत चढत असेल, तर हीटर ठणठणीत आहे. हवा कोंडल्यामुळे थर्मोस्टॅट त्याला सारखा तोडतोय. मग पाइप काढून ठेवा, एक फेरी तशीच चालवा. कपडे वाळले तर दोष पाइपात.

व्होल्टेजही बघून ठेवा. एसीच्या स्टॅबिलायझरवर इनपुटचा आकडा दिसत असेल तर तोच पुरे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते, म्हणून १९० व्होल्टला २००० वॅटचा हीटर १३६५ वॅटच देतो. संध्याकाळी सगळ्या वाड्याचे पंप आणि एसी एकदम लागतात तेव्हा हे होतं आणि दोष बिचाऱ्या ड्रायरला लागतो.

आगोंदपाऊस

मीटरवर ३२००च आहे. व्होल्टेज २२५. 'हाय'वर पहिल्या मिनिटाला ६२, पंधरा मिनिटांनी पुन्हा ६२. 'लो'वर ६१. पाइप काढून पाहिला, काहीच बदललं नाही.

चिरेबंदी

६२ म्हणजे ११६० वॅट. २२५ व्होल्टला एक हजाराची कॉइल सुमारे ९५७ देते, वर मोटरचे दोनशे. बेरीज जुळते. अर्धा हीटर चालू आहे, दुसऱ्या अर्ध्याला वीज मिळत नाहीय किंवा त्याची कॉइल तुटलीय. या दोहोंतलं कोणतं ते आता उघडूनच कळेल. हीटर विकत घ्यायच्या आधी उघडा, नंतर नव्हे.

फेज_न्यूट्रल

प्लग उपसून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सॉकेट कितीतरी, बटण बंद असतानाही आत फेज उभी असते. मोटरच्या कपॅसिटरसाठी पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. हातमोजे घाला, पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

मागचा पत्रा काढला की बहुतेक मॉडेलांत हीटर एका पत्र्याच्या डब्यात दिसतो. त्याच डब्यावर नाण्याएवढे एक-दोन थर्मोस्टॅट. वायर काढण्याआधी फोटो, तोही असा की रंग आणि लग (वायरीच्या टोकाची, टर्मिनलवर खोचायची धातूची टोपी) दोन्ही दिसतील. लग ओढताना वायर धरू नका, चिमट्याने लगच पकडा.

दोन भागांच्या हीटरला तीन टर्मिनलं: एक सामायिक, दोन टोकं. सगळ्या वायरी सोडवून मगच मोजा, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने फिरून येतो. मीटर २०० ओहमवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा बघा, ०.३ ते ०.५ असतो, तो प्रत्येक वेळी वजा करायचा. बीपवर विसंबू नका. पुष्कळ मीटर ३०-५० ओहमच्या वर बीप देतच नाहीत, आणि तुमची चांगली कॉइलसुद्धा ५३ची आहे. चांगला हीटर न वाजल्यामुळे भंगारात जातो तो असा.

१००० वॅटच्या भागाला २३० गुणिले २३० भागिले १००० म्हणजे ५२.९ ओहम यायला हवेत. दोन-चार इकडेतिकडे चालतील. दोन टोकांमध्ये मोजलं तर दोन्ही भाग एकापुढे एक येतात, म्हणून १०६. चांगल्या हीटरवर सामायिक टर्मिनल कोणतं तेही यातूनच समजतं: ज्या जोडीत सर्वात मोठा आकडा, ती दोन टोकं, राहिलं ते सामायिक.

मग मीटर २० मेगाओहमवर घेऊन प्रत्येक टर्मिनल ते डब्याचा पत्रा. काहीही दिसता कामा नये. आकडा आला तर कॉइल कुठेतरी पत्र्याला टेकतेय किंवा ओल आहे. हे नीट तपासा, कारण आरसीसीबी पडत नाही एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. आरसीसीबीच नसलेल्या घरात असा हीटर बाहेरच्या पत्र्याला करंट आणतो.

माडापोंदा

तुटलेली असेल तर दोन टोकं ओढून जवळ आणा, एक पितळी स्क्रू-नट कसा. तेवढ्यावर वर्ष निघतं. चवथीआधी पार्ट मिळतोय कशाला.

फेज_न्यूट्रल

माडापोंदा, इस्त्रीच्या जमान्यातली ही युक्ती इथे नको. तुटलेल्या जागेच्या आजूबाजूची नायक्रोम तार भाजून ठिसूळ झालेली असते, ओढली की शेजारी तुटते. समजा दहावा हिस्सा गळला: ५२.९ चे ४७.६ ओहम झाले, १००० वॅटचे ११११ झाले, आणि तेही आखूड, ताणलेल्या तारेत. ताणलेली कॉइल तापली की लोंबते आणि पत्र्याला टेकते. स्क्रूचा जोड सैल पडून लाल होतो तो वेगळाच, आणि पुढे वाऱ्याच्या वाटेवर लिंट आहे. इस्त्रीत निदान लिंट नव्हतं.

आगोंदपाऊस

उघडलं. प्रोबांचे ०.४ वजा करून: सामायिक ते पहिलं टोक ५२.९, सामायिक ते दुसरं टोक काहीच नाही, टोक ते टोक काहीच नाही. पत्र्याला काही नाही. उघडी कॉइल आहे, चिनीमातीच्या आधारांवर बसवलेली. दुसऱ्या भागात तिसऱ्या आधारापाशी तार तुटलेली दिसते, टोकाला छोटा मणी झालाय. आणखी एक: त्याच बाजूच्या लगवरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन चुरतंय.

चिरेबंदी

मग हीटरच. मेकॅनिकचं भविष्य खरं ठरलं. दोन्ही टोकांचे आकडे ५३ आले असते तर मात्र हीटर चांगला आणि दोष सिलेक्टर स्विचमध्ये, रिलेमध्ये किंवा त्या लगमध्ये, आणि नवा हीटर टाकूनही हवा कोमटच राहिली असती.

त्या तपकिरी लगकडे मात्र दुर्लक्ष करू नका.

खाजन

लगबद्दल मी लिहितो, कारण किनाऱ्यालगत हाच खरा रोग आहे. खारी हवा आणि पावसाळ्याची दमट हवा मिळून लगवर हिरवट-काळा थर चढतो. पूर्ण २००० वॅटला साधारण ८.७ अँपिअर वाहतात. एका लगमध्ये अर्धा ओहम जरी वाढला तरी त्या नखाएवढ्या जागेत ३८ वॅट उष्णता. प्लॅस्टिक वितळतं, स्प्रिंग सैल होते, सैल झाली की आणखी तापते. तुमच्या बाजूला एकच कॉइल म्हणजे करंट निम्मा आणि उष्णता चौथाई, तरी प्लॅस्टिक चुरायला तेवढी पुरते. नव्या हीटरवर जुनाच लग खोचला तर महिन्या-दोन महिन्यांत नवं टर्मिनलही काळं पडेल.

वायर काळी पडली असेल तिथपर्यंत कापा, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. ६.३ मिलिमीटरचा निकेल चढवलेला, उष्णता सोसणारा लग घ्या, क्रिंपिंगच्या पकडीने दाबा. डाग देऊ नका (सोल्डर करू नका), शिसं-कथिलाचा नेहमीचा डाग १८३ अंशांना वितळायला लागतो. वायर आखूड पडली तर साधी घरगुती पीव्हीसी वायर जोडू नका. सिलिकॉनची किंवा काचेच्या धाग्याची बाही असलेली १.५ चौरस मिलिमीटरची घ्या. लग खोचताना घट्ट गेला पाहिजे. सहज सरकत असेल तर तो लग बाद.

हीटर घ्यायला जाताना दरवाजाच्या आतल्या कडेवरच्या स्टिकरचा फोटो आणि जुना हीटर, दोन्ही न्या. मडगावला किंवा म्हापशाला दुकानदार 'हा पण बसतो' म्हणेल तेव्हा चार गोष्टी ताडून बघा: व्होल्ट, दोन्ही भागांचे वॅट, टर्मिनलांची संख्या आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. दुकानातच मीटर लावून ५३, ५३, १०६ बघून घ्या. जास्त वॅटचा हीटर 'लवकर वाळेल' म्हणून घेऊ नका. पंखा, वायरिंग आणि थर्मोस्टॅट जुन्याच वॅटच्या हिशोबाचे असतात.

अवांतर: अमेरिकेहून सामानात आलेल्या ड्रायरचे सुटे भाग इथे कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. ते हीटर पाच-साडेपाच हजार वॅटचे, २२ अँपिअरच्या घरातले. आपलं सॉकेट १६ चं. आखातातून आणलेल्या मशिनची गोष्ट वेगळी, तिथल्या बहुतेक देशांत व्होल्टेज आपल्यासारखंच, बहुधा फक्त प्लग बदलावा लागतो.

फेज_न्यूट्रल

बसवताना: डबा आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा, पंख्याच्या पात्यांत अडकलेलं लिंटही. ओलं फडकं नको. कॉइलला हात लावून वळवू-सरळ करू नका, चिनीमातीचे आधार स्क्रू जास्त आवळला तरी तडकतात. वेटोळी एकमेकांना कुठेही टेकत नाहीत हे बॅटरी मारून बघा. अर्थची वायर होती तिथेच, दातेरी वॉशरसकट.

एकदाच उडणारा थर्मल कटआऊट हीटरसोबत बदलून टाका, अंगावरचा तापमानाचा आकडा तंतोतंत तोच बघून. तुमचा उडालेला नाही, तरी पाच वर्षं तापून-निवून त्याचा भरवसा कमी झालेला असतो. आणि कधी उडालाच तर तो 'डायरेक्ट' करून मशिन चालवायचं नाही, चवथ असो की नसो. पाइप तुंबला किंवा थर्मोस्टॅट चिकटून बसला की हीटर तोडणारी ती शेवटची गोष्ट. कटआऊट आपणहून क्वचित उडतो. त्याला उडवणारं कारण तिथेच बसलेलं असतं.

पत्रा लावण्याआधी मीटर पुन्हा २० मेगाओहमवर, टर्मिनल ते पत्रा. शक्य असेल तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्ट लावून गळती मोजणाऱ्या यंत्राने) बघून घ्या, १ मेगाओहमच्या वर पाहिजे. मल्टिमीटर थोड्याशा व्होल्टवर मोजतो, २३० ला काय होईल ते त्याला दिसत नाही. मग पत्रा लावून रिकामा ड्रम दहा मिनिटं 'हाय'वर. पहिल्या मिनिटांत नव्या कॉइलचा किंचित वास येतो, तो जातो. धूर आला तर प्लग काढा.

लुकलुक मोजा: २२५ व्होल्टला ११२-११३ यायला पाहिजेत. 'लो'वर ६२.

आगोंदपाऊस

देव बरें करूं. हीटर आणि कटआऊट उद्या आणते. एवढंच सांगा, कॉइल एकाच ठिकाणी का तुटली असेल? नवीही तशीच जायला नको.

चिरेबंदी

मणी दिसतोय म्हणजे तार तिथे वितळून तुटली. वारा कमी पोचतो त्या जागी कॉइल इतर ठिकाणांपेक्षा जास्त तापते. पाइप काढून तुम्हाला फरक दिसला नाही कारण अर्ध्या हीटरला तेवढी हवा पुरत होती. पूर्ण हीटर लागला की पुरणार नाही. म्हणून पाइप आत्ताच बघा.

१०० मिलिमीटरचा पाइप, जमेल तितका आखूड, वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. मधे झोळ पडला असेल तर त्यात वाफेचं पाणी साठतं, पाण्यात लिंट चिकटून लगदा होतो. पिळदार प्लॅस्टिकचा असेल तर फेकून द्या, ॲल्युमिनियमचा घ्या. चिऱ्याच्या भिंतीतून जाणारा तुकडा बाहेरच्या बाजूला थोडा उतरता पाहिजे. सपाट असला तर पावसाचं पाणी आत चालत येतं, आणि भिंत पश्चिमेची असेल तर हमखास. बाहेरची झडप हाताने उचलून बघा. बिजागरी गंजून अर्धवटच उघडत असेल तर जाळी कितीही साफ केली तरी उपयोग नाही. आणि पाइपात पाली अंडी घालतात, एकदा दोन्ही टोकांकडून बॅटरी मारा. झडपेवर बारीक जाळी मात्र लावू नका, आठवडाभरात लिंटने बुजते.

लिंटची जाळी नुसती झटकू नका, महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर वापरत असाल तर तिच्यावर न दिसणारा चिकट थर बसतो. जाळीत पाणी ओतून बघा: पाणी वरच थांबलं तर हवाही तिथेच थांबत होती.

खाजन

एक राहिलं. ज्यांचं मशिन धुणं आणि वाळवणं एकत्र करतं त्यांनी हे आकडे तसेच घेऊ नयेत. त्यात दोन हीटर असतात, एक टबच्या तळाशी पाण्याचा, दुसरा वरच्या हवेच्या वाटेत. पाणी गरम होतंय आणि हवा थंड, तर वरचा. हीट पंपवाल्या ड्रायरमध्ये बहुधा अशी कॉइल नसतेच, तिथे कॉम्प्रेसर असतो.

आणि हीटर उघड्या कॉइलऐवजी बंद नळीचा असेल, मशिन दोन-तीन महिने पडून असेल आणि लावताक्षणी आरसीसीबी पडत असेल, तर लगेच बदलू नका. नळीतली पांढरी पूड पावसाळ्यात ओल धरते. हीटर काढून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तीन-चार तास ठेवा, थंड झाल्यावर मेगर लावा. आकडा चढला तर तोच हीटर परत बसवा.